पारेंतिबुस सुइस

रोममध्ये सम्राट ट्राजान आणि त्याची राणी प्लोतिना यांचं देऊळ होतं. ते बांधणारा त्यांचा वारस हेड्रियन. त्याच्या लॅटिन शिलालेखातले अर्पणाचे दोन शब्द म्हणजे 'पारेंतिबुस सुइस'. इंग्रजीत 'टु हिज पेरेंट्स'. झालं भाषांतर!

पण मला ते पुरेसं वाटत नाही. इंग्रजी 'हिज' कुणाचंही असू शकतं. लॅटिन 'सुइस' मात्र थेट कर्त्याकडे बोट दाखवतं. आपल्याकडे 'त्याच्या' आणि 'आपल्या' यांत फरक आहे ना, तस्साच. मराठीत सरळ 'आपल्या आईवडिलांना' म्हणता येतं, तेही चतुर्थीसकट!

आणि इथे सगळी मेख त्या 'आपल्या'तच आहे. हेड्रियनचे जन्मदाते वडील तो दहाएक वर्षांचा असतानाच वारले. ट्राजान हा त्यांचा नातेवाईक. इ.स. 117 मध्ये त्याने मरता मरता हेड्रियनला दत्तक घेतलं म्हणे. दिओ कासिउस हा इतिहासकार तर सांगतो, की सिनेटला गेलेल्या पत्रांवर सही प्लोतिनाची होती! म्हणजे दत्तकच संशयास्पद, आणि गादी त्यावरच उभी.

तेव्हा हे अर्पण कृतज्ञतेचं असेलही, पण वारसाहक्काचा दगडात कोरलेला दाखलाही आहेच. इंग्रजीत तेवढा दाखलाच हरवतो.