वाफ जाते कुठून?

मागच्या वर्षी दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली असताना ‘बॉयलर’ या एका शब्दावरून आमच्या घरात मोठा घोळ झाला. भाच्याचा फोन आला होता. तो इंग्लंडात, लीड्सला असतो. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर तो म्हणाला, “मामा, जुना गॅसचा काढला आणि घरात इलेक्ट्रिक बॉयलर बसवून घेतला. आता सबंध घर त्यावरच तापणार!”

माझी आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिचे वय शहाऐंशी. ऐकू कमी येते असे ती म्हणते, पण जे ऐकायचे ते तिला बरोबर ऐकू येते. वाती बाजूला ठेवून ती म्हणाली, “घरात बॉयलर? अरे, तुझ्या आजोबांनी उभा जन्म बॉयलरपाशी काढला, पण घरात नाही हो आणला कधी! त्यातली वाफ जाते कुठून, ते आधी सांग.”

भाचा हसला. मीही हसलो. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आहे. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले, की बॉयलरचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे आईच्या त्या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

आमचे चिंचपाडा नवापूर तालुक्यात, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. हा मार्ग घातला ताप्ती व्हॅली रेल्वे नावाच्या कंपनीने. एकोणिसावे शतक संपता संपता त्यावरून गाड्या धावू लागल्या, आणि १९४२ साली ती कंपनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत विलीन झाली. आमचे नाना याच मार्गावर आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर होते. आता या मार्गावर विजेची इंजिने धावतात आणि वाफेचे इंजिन नातवंडांना चित्रात दाखवावे लागते. पण आमच्या लहानपणी बॉयलर हा घरच्या बोलण्यातला शब्द होता. नाना जेवताना सांगायचे, “फायरमननं दोन गोष्टींवरून डोळा काढायचा नाही. एक, पाण्याची काच. दुसरी, दाबाचा काटा.” काचेत पाणी दिसले नाही तर भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा उघडा पडतो आणि लाल होतो. त्या माथ्यात शिशाचा एक प्लग बसवलेला असे. पाणी उतरले की शिसे वितळायचे, भोकातून वाफ सुटायची, फायरमनला सूचना मिळायची आणि आग मंदावायची. ज्याच्या गाडीत हा प्लग वितळला त्याची मग वरिष्ठांपुढे उभे राहताना काय अवस्था होई, तेही नाना साभिनय करून दाखवीत.

तो शिशाचा प्लग कुठून आला, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडले. त्याच्याही आधीची गोष्ट आहे पापँ या फ्रेंच गृहस्थाची. १६७९ साली लंडनमध्ये त्याने झाकण घट्ट बसणारे एक भांडे तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. पण कोंडलेली वाफ भांडे फोडील, हे ओळखून त्याने झाकणाला एक भोक ठेवले आणि त्यावर तरफेने वजन टेकवले. दाब फार झाला की वजन उचलले जाई, वाफ निसटे आणि वजन पुन्हा खाली बसे. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी ही या पापँच्या भोकाचीच वंशज. कुकरच्या झाकणावर दुसरा एक लहानसा प्लग असतो, तो आतले पाणी आटले की वितळतो. तो मात्र पापँचा नव्हे.

तो ट्रेविथिकचा. कॉर्नवॉलच्या या धिप्पाड इंजिनिअरने जास्त दाबाच्या वाफेवर चालणारी इंजिने बनवली. जेम्स वॉट जास्त दाबाला भीत असे, आणि ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. १८०३ साली ग्रेनिच येथे ट्रेविथिकचा एक बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. देखरेखीवरचा पोऱ्या म्हणे वाम मासे पकडायला गेला होता. मागे दुसऱ्या कोणी इंजिन बंद केले, पण वाफेला वाट करून दिली नाही. एखादा माणूस अशा वेळी तो धंदाच सोडून देता. ट्रेविथिकने त्यानंतर बॉयलरला एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले, त्यातला एक चालवणाऱ्याचा हात पोहोचणार नाही असा. आणि वर शिशाचा प्लग बसवला. म्हणजे नानांच्या इंजिनातले ते शिसे ग्रेनिचच्या चार माणसांच्या मरणातून आले होते.

चालवणाऱ्याचा हात पोहोचू नये, यातच सारी मेख आहे. वाफ सोडणारी झडप ही फार कटकटी वस्तू असते. ती फुसफुसते, गळते, कान किटवते आणि कष्टाने तयार केलेली वाफ वाया घालवते. १८३१ साली अमेरिकेत चार्ल्सटनजवळ एका इंजिनाच्या फायरमनला तो आवाज असह्य झाला. त्याने झडप दाबून बंद केली, असे सांगतात. बॉयलर फुटला आणि तो बिचारा त्यात गेला. बॉयलर इतका भयंकर का फुटतो, हेही नाना सांगत. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. दाबाखाली कोंडलेले पाणी शंभर अंशांच्या पुढे तापूनही पाणीच राहते. पत्रा फाटला की त्यातले बरेचसे एका क्षणात वाफ होते. फुटते ते नुसते भांडे नव्हे, आतले पाणीच फुटते.

आपल्या देशात १८६३ साली कलकत्त्यात असाच मोठा स्फोट होऊन कित्येक माणसे मेली, तेव्हा सरकारला जाग आली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले आणि त्यांचा गोंधळ माजला. अखेर समिती बसून १९२३ चा इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. शंभर वर्षे तो चालला. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्यांत ‘बॉयलर अग्निप्रदीपना’चा समारंभ होतो, आमच्या तालुक्यातही डोकाऱ्याला आदिवासी सहकारी साखर कारखाना निघाला. चेअरमनच्या हातची ती पूजा वर्तमानपत्रात छापून येते, पण त्यामागचा तपासणीचा दाखला काही छापून येत नाही.

आता घरातल्या गोष्टीकडे वळतो. आमच्या घरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, तो आजीच्या वेळचा. तरुण वाचकांनी तो कदाचित पाहिला नसेल. बाहेर गोल पात्र, मधून उभी नळी. नळीच्या तळाशी जाळी आणि त्यावर काटक्या, कोळसे, शेणी. भोवतालचे पाणी तापते. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतावे तेवढे ऊन पाणी निघते. बंबात वाफ कोंडतच नाही, कारण त्याचे तोंड सदा उघडे! आईचा बंबावर एवढा विश्वास का, ते मला एवढ्या वर्षांनी उमजले. नानांच्या इंजिनाला ज्या झडपा लागत, त्यांची याला गरजच नव्हती.

पण बंबाला विस्तव लागतो. गेल्या पावसाळ्यात वाकून फुंकर मारताना आईच्या पदराला ठिणगी लागली. सुनेने वेळीच पाहिले म्हणून निभावले. विजेचा गीझर बसवावा असे मी चार वर्षे म्हणत होतो, आणि ती दर वेळी आत्याचे नाव काढून मला गप्प करीत होती. आत्याची हकीकत अशी. एका दिवाळीच्या पहाटे तिने बादलीत विजेचा रॉड टाकला होता आणि पाणी कितपत तापले ते पाहायला, बटण चालू असतानाच, बादलीत बोट घातले. ती वाचली. पण उजवा हात पुढे पुष्कळ महिने लुळा होता. आईने ते डोळ्यांनी पाहिले होते. वाफ दिसते तरी, विजेचे काय?

म्हणून मी भाच्याला पुन्हा फोन लावला, आणि या वेळी आईचा प्रश्न हसण्यावारी न नेता विचारला. त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. त्याचा बॉयलर म्हणजे नावाचाच बॉयलर. त्यात पाणी उकळत नाही. साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेले पाणी पंपाने घरभरच्या नळ्यांतून फिरते, भिंतींवरच्या लोखंडी पंख्यांतून खोल्यांना ऊब देते आणि पुन्हा तापायला परत येते. आमच्या जिल्ह्यातही थंडी पडते. अक्कलकुव्याच्या डाब भागात दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण आपण फार तर शेकोटी पेटवतो, घर तापवीत नाही.

“पण मामा, पाणी तापलं की फुगतं,” तो म्हणाला, “आणि माझं पाणी बंद नळ्यांत आहे. म्हणून एक लहान टाकी जोडली आहे. तिच्यात रबरी पडदा आणि पडद्यामागे हवा. पाणी फुगलं की हवा दबते. तेही पुरलं नाही तर तीन बारला झडप उघडते, आणि तिची तांब्याची नळी भिंतीतून बाहेर काढून जमिनीकडे वळवली आहे. आजीला सांग, वाफ नाही, पण जे काही जायचं ते तिथून जातं.” विजेचे विचारले तेव्हा म्हणाला, बॉयलर बारा किलोवॅटचा आहे, म्हणजे पन्नासाहून जास्त अँपिअर. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र स्विच. आणि आधी घराचा मुख्य फ्यूज तेवढा भार सोशील का, ते पाहिले. इंग्लंडात २००५ पासून घरातल्या अशा कामाचे प्रमाणपत्र लागते. ते काम नगरपालिकेच्या दप्तरी नोंदले जाते.

आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आपल्याकडं तपासायला कोण येणार?”

कोणी नाही. आपला बॉयलरचा कायदा पंचवीस लिटरांपेक्षा लहान भांड्याला लागत नाही, आणि शंभर अंशांखालच्या पाण्यालाही नाही. आमचा गीझर पंधरा लिटरचा. गीझरवर मानक संस्थेचा शिक्का असतो, आत तापमान रोखणारा थर्मोस्टॅट असतो, तो बिघडला तर वीज तोडणारा दुसरा कटआउट असतो. पण भिंतीवर तो कसा बसवला, हे पाहणारा घरमालकच. जाता जाता, हा ‘गीझर’ शब्द आइसलँडच्या गरम झऱ्याचा. १८६८ साली लंडनच्या मॉन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले, त्याला हे नाव दिले. त्या यंत्रातला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. तीच चूक आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणारे आजही करतात आणि विषारी वायूने प्राण गमावतात.

वायरमन आला तो तरुण, हुशार आणि फार घाईत असलेला. दिवाळीच्या आधी त्याला पाच घरे उरकायची होती. न्हाणीघराच्या दाराशी दिव्याचे जे प्लगपॉइंट होते, त्यातच गीझरची पिन बसवू म्हणाला. मी इतिहासाचा मास्तर. पण दोन किलोवॅटला नऊएक अँपिअर होतात एवढा भागाकार मला येतो, आणि ते पॉइंट सहा अँपिअरचे होते. स्वतंत्र तार ओढवून सोळा अँपिअरचा पॉइंट घेतला. अर्थिंग पाहिले, तर तार होती पण तिला जमीन सापडत नव्हती! अंगणातला खड्डा नानांच्या हातचा. आमची जमीन काळ्या पाषाणाची, उन्हाळ्यात कोरडीठाक. नानांच्या मागे त्यात कोणी पाणी घातले नव्हते, आणि पट्टी गंजून तुटली होती. नवा खड्डा, मीठ, कोळसा, नवी पट्टी, यात सबंध एक दिवस गेला. शिवाय तीस मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने गेली तरी प्रवाह तोडणारे यंत्र फळीवर बसवले. त्याच्या बटणाने चाचणी घेतली तेव्हा खटका पडून सारे घर अंधारात गेले. आई म्हणाली, “हे बरं आहे.” आत्याच्या वेळी हे नव्हते.

सगळे झाले, पाणी तापले, आणि गीझरखालच्या व्हॉल्व्हमधून टप, टप, थेंब पडू लागले. वायरमनने मान हलवली. “काका, व्हॉल्व्ह गळतोय. नवीन कुठं आणता? मी टेप लावून बूच मारून देतो, एक थेंब पडणार नाही.”

मी चार्ल्सटनच्या फायरमनची गोष्ट आठवीत तोंड उघडणार, तोच दारातून आई म्हणाली, “हात काढ बाबा तिथला! तिथूनच तर जायचंय त्याला.”

पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांवर नेले की सुमारे पाव लिटर फुगते. मागे टाकीकडे जायची वाट एकतर्फी झडपेने बंद असेल, तर त्या पाव लिटराने जायचे कुठे? वायरमनला मी हे कागदावर मांडून दाखवले. त्याने निमूटपणे बूच खिशात टाकले, व्हॉल्व्हला एक नळी जोडून ती मोरीकडे वळवली, आणि चहा घेताना म्हणाला, “काका, आजवर मी तीन-चार ठिकाणी बुचं मारलीत.” मग चहा अर्धा टाकून तो उठला. त्यातले एक घर आमच्याच गल्लीत होते.

नरक चतुर्दशीला पहाटे चारला आई उठली. उटणे झाले, कारीट फोडून झाले. अंघोळीआधी तिच्या सांगण्यावरून मी गीझरचे बटण बंद केले, पिनही काढली. आंघोळ करून ती बाहेर आली ती नळीखाली ठेवलेला तांब्या हातात घेऊन. तांब्यात तळाशी पाव लिटरभर पाणी होते. ते तिने तुळशीला घातले आणि उरलेला घोट अर्थिंगच्या खड्ड्यात ओतला.