सलाईन लावल्यावर हातात सुई राहते का? जाणून घ्या कॅन्युलाच्या शोधाची गोष्ट

घरातलं कोणी दवाखान्यात ॲडमिट असलं की भेटायला येणारा प्रत्येकजण एक सूचना हमखास देतो, "हात हलवू नकोस हं, आत सुई आहे." पेशंटही बिचारा हात काठीसारखा ताठ धरून पडून राहतो.

खरं तर त्या हातात सुई नसतेच. सिस्टरने टोचलेली सुई शीर सापडल्याबरोबर बाहेर काढून टाकलेली असते. शिरेत उरते ती दोन-तीन सेंटीमीटर लांबीची, मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी. हिलाच आयव्ही कॅन्युला म्हणतात. आपल्याकडे कुठे तिला 'व्हेनफ्लॉन' म्हणतात, तर कुठे 'इंट्राकॅथ'. ही दोन्ही मुळात ब्रँडची नावं आहेत. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसंच.

सुईने वाट करायची आणि मग सुई काढून घेऊन नळी तेवढी आत ठेवायची. ऐकायला किती सोपं वाटतं! पण शिरेत औषध देण्याचा पहिला प्रयोग झाला तिथपासून ही युक्ती सापडेपर्यंत जवळपास तीनशे वर्षं गेली.

सुरुवात झाली पक्ष्याच्या पिसाने

रक्त शरीरात गोल फिरत राहतं, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडलं. मग प्रश्न आला, शिरेत काही सोडलं तर ते सगळ्या शरीरात पोहोचेल का?

१६५६ मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन यांनी हे करून पाहिलं. हे तेच रेन, ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधलं. त्यांनी पिसाची पोकळ दांडी घेतली, तिला प्राण्याचं मूत्राशय पिशवीसारखं बांधलं आणि एका कुत्र्याच्या शिरेत वाईनमध्ये मिसळलेली अफू सोडली. कुत्रा गुंगला, पण वाचला. पिसाची दांडी म्हणजे नळी आणि मूत्राशय म्हणजे सलाईनची पिशवी. आजच्या सामानाचा आराखडा तेव्हाच तयार झाला होता.

कॉलरा आणि चांदीची नळी

शिरेतून द्रव देऊन माणूस वाचवता येतो, हे दिसलं ते कॉलऱ्याच्या साथीत. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलरा पसरला होता. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून सांगितलं, की यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत द्यायला हवेत. हेच ओशॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि भारतात तारायंत्राचं जाळं उभारण्याचं काम त्यांनीच केलं.

त्यांचा सल्ला प्रत्यक्षात आणला स्कॉटलंडच्या लीथ गावातले डॉक्टर थॉमस लॅटा यांनी. १८३२ मध्ये त्यांनी मरणाच्या दारात असलेल्या एका वृद्ध बाईची शीर उघडली, तीत चांदीची बारीक नळी घातली आणि अर्ध्या तासात तीन लिटरहून जास्त खारं पाणी दिलं. निळी पडलेली, नाडी न लागणारी बाई बोलायला लागली. ती बरी होणार असं समजून लॅटा विश्रांतीला गेले. इकडे जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा देण्याची गरज होती, पण ते दिलं गेलं नाही आणि काही तासांत ती गेली.

एकदा पाणी देऊन भागत नाही, शिरेतली वाट तासन् तास, दिवस दिवस उघडी ठेवावी लागते, हे या प्रसंगातून दिसलं. पण तशी वाट ठेवायची कशाने, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. जंतूंचं ज्ञानही नव्हतं. लॅटा १८३३ मध्ये वारले आणि ही पद्धत बराच काळ मागे पडली.

स्टीलच्या सुईची अडचण

पोकळ सुई आणि सिरिंज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आल्या. डब्लिनचे फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये पोकळ सुई वापरली. १८५३ मध्ये एडिंबराचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सचे शार्ल प्राव्हाज यांनी सिरिंज आणली. विसाव्या शतकात दवाखान्यांत सलाईन सर्रास मिळू लागलं, पण ते चालायचं धातूच्या सुईतूनच.

शीर मऊ असते, सुई कडक आणि टोकदार. पेशंटने कूस बदलली, मूल रडताना हात झटकलं, की सुईचं टोक शिरेच्या भिंतीतून आरपार जायचं. सलाईन शिरेबाहेर मांसात साठून हात टम्म फुगायचा. म्हणून हात फळीला बांधून ठेवायचे. कित्येक तास ऑपरेशन चालणार असेल, तर कातडी कापून, शीर उघडी करून तीत नळी बांधायचे. सलाईन लावण्यासाठीच एक छोटं ऑपरेशन!

'हात हलवू नकोस' हा सल्ला त्या काळात अगदी बरोबर होता. सुई गेली, पण सल्ला मागे राहिला.

नळी सुईच्या आतून की बाहेरून?

१९४० च्या दशकात पातळ प्लॅस्टिकच्या नळ्या बनू लागल्या. पहिली कल्पना अशी होती, की जाड सुई टोचायची, तिच्या पोकळीतून बारीक नळी आत सरकवायची आणि मग सुई मागे ओढून घ्यायची. यात दोन गडबडी होत्या.

पहिली म्हणजे सुई जाड आणि नळी बारीक, त्यामुळे शिरेला पडलेलं भोक नळीपेक्षा मोठं असायचं आणि कडेने रक्त झिरपायचं. दुसरी गडबड जीवघेणी होती. नळी सुईतून मागे ओढली, तर सुईच्या धारदार कडेने ती कापली जायची आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे वाहत जायचा.

अमेरिकेत रोचेस्टर इथल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा हे भूलशास्त्राचे शिकाऊ डॉक्टर होते. त्यांनी रचना उलटी केली. नळी सुईच्या आत न घालता सुईवर म्यानासारखी चढवली. सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे ठेवलं. दोन्ही एकत्र शिरेत शिरतात, मग नळी पुढे सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. १९५० मध्ये ही 'रोचेस्टर प्लॅस्टिक नीडल' जगासमोर आली. आता भोक नळीपेक्षा बारीक होतं, त्यामुळे नळी घट्ट बसली आणि गळती थांबली. आज आपल्या हाताला लागते ती कॅन्युला याच रचनेवर चालते.

पुढे एकदाच वापरून फेकायच्या कॅन्युला आल्या. नळी आधी पीव्हीसीची होती, मग टेफ्लॉनची आली आणि नंतर पॉलियुरेथेनची, जी अंगाच्या उष्णतेने आणखी मऊ होते. सुईच्या मागे पारदर्शक कप्पा असतो. त्यात रक्त दिसलं, की सिस्टरला कळतं शीर सापडली. पण तेव्हा फक्त सुईचं टोक आत गेलेलं असतं, नळी किंचित मागे असते. म्हणून सुई अजून एक-दोन मिलिमीटर पुढे नेऊन मगच नळी सरकवतात. अनेक कॅन्युलांच्या नळीत एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या पट्ट्याही असतात, म्हणजे तुकडा तुटलाच तर शोधता यावा. एकदा बाहेर काढलेली सुई पुन्हा नळीत घालायची नाही, हा नियम याच भीतीपोटी आहे.

गुलाबी, निळा, पिवळा: रंगांचा अर्थ काय?

कॅन्युलाचा रंग तिची जाडी सांगतो. जाडी 'गेज' या मापात मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक.

- १४ नारंगी आणि १६ राखाडी: मोठा अपघात, भरपूर रक्तस्राव
- १८ हिरवा: ऑपरेशन, रक्त चढवणं
- २० गुलाबी: मोठ्या माणसांना नेहमीचं सलाईन आणि औषधं
- २२ निळा: लहान मुलं, नाजूक शिरांचे वृद्ध
- २४ पिवळा आणि २६ जांभळा: तान्ही बाळं

नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर गणिताने प्रवाह सोळापट होतो. म्हणून अपघाताच्या पेशंटला डॉक्टर आधी जाड कॅन्युला लावतात. तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

हातापासून थेट हृदयापर्यंत

काही औषधं इतकी तीव्र असतात, की हाताची बारीक शीर जळून जाते. त्यासाठी छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत नळी न्यावी लागते. हे शक्य आहे, हे जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःवरच करून दाखवलं. वरिष्ठांनी मनाई केली होती. तरीही त्यांनी दंडाच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढला. त्यांना १९५६ मध्ये नोबेल मिळालं.

१९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी आधी सुई, मग तिच्यातून तार, मग सुई काढून तारेवरून नळी अशी पद्धत शोधली. आयसीयूतली मानेजवळची 'सेंट्रल लाइन' आजही अशीच घालतात.

१९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीने धमनी आणि शीर हाताबाहेर जोडून ठेवली. त्याआधी प्रत्येक डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे कायमच्या किडनी फेल्युअरच्या रुग्णांना दीर्घकाळ डायलिसिस देता येत नसे. ही नळी बसवलेले पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स पुढे ११ वर्षं जगले. १९८० च्या दशकात कॅन्सरच्या रुग्णांसाठी कातडीखाली बसवायचा 'केमो पोर्ट' आला.

टोचणाऱ्याची काळजी

कॅन्युलातून काढलेली सुई रक्ताने माखलेली असते. ती चुकून सिस्टरच्या बोटाला टोचली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. म्हणून सुई बाहेर येताच तिचं टोक आपोआप झाकणाऱ्या 'सेफ्टी कॅन्युला' बनल्या. अमेरिकेने २००० साली अशी सुरक्षित साधनं वापरण्याचा कायदा केला. साध्या कॅन्युलापेक्षा त्या महाग असल्याने सगळीकडे मिळतातच असं नाही.

शीरच सापडत नसेल तर? रक्तातलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे खास दिव्याखाली शिरा गडद रेघांसारख्या दिसतात. 'व्हेन फाइंडर' यावरच चालतं. खोलवरच्या शिरांसाठी सोनोग्राफीची मदत घेतात.

तुमच्या हाताला कॅन्युला असेल तर

हात हळूहळू हलवायला, बोटं उघडझाप करायला सहसा हरकत नसते. कॅन्युला मनगटावर किंवा कोपराच्या सांध्यावर असेल, तर मात्र तो सांधा फार वाकवू नका, नळी मुडपते. पंख असलेली 'स्काल्प व्हेन' लावली असेल, तर तिची सुई खरोखरच आत राहते. नक्की काय लावलं आहे, हे सिस्टरना विचारा.

जागा दुखू लागली, लाल किंवा गरम झाली, सूज आली, शीर दोरीसारखी टणक लागली, तर लगेच सांगा. थोडंसं दुखणारच म्हणून सोसू नका. ही शिरेला सूज आल्याची किंवा सलाईन बाहेर जात असल्याची खूण असू शकते. तिथूनच जंतू रक्तात शिरू शकतात.

आणि औषधं गोळ्यांवर आली असतील, तर "आता ही काढायची का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. गरज संपलेली कॅन्युला म्हणजे जंतूंसाठी उघडं ठेवलेलं दार.