परतीचा प्रवास आणि स्थलनाम

पेण व रोहा यांची माहिती १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये शोधावयाची झाल्यास ती कुलाबा जिल्ह्याच्या खंडात सापडते. ‘रायगड’ हे जिल्हानाम १९८१ चे. तत्पूर्वी १ मे १९६० रोजी राज्यही बदलले. मुंबई राज्याच्या जागी महाराष्ट्र आले. गावे जागच्या जागी राहिली. दप्तरातील त्यांचा पत्ता मात्र पालटला.

या प्रक्रियेचे आत्यंतिक उदाहरण अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह यांच्या परतीत आढळते. १८ मे १९९१ रोजी ते सोव्हिएत नागरिक म्हणून बायकोनूरहून ‘मीर’ स्थानकाकडे निघाले. ऑक्टोबरात आलेल्या यानातील एक जागा राजकीय कारणास्तव कझाक अंतराळवीरास देण्यात आली. क्रिकाल्योव्ह यांची जागा घेईल असा, दीर्घ मुक्कामाची तयारी झालेला अभियंता त्यात नव्हता. म्हणून त्यांचा मुक्काम लांबला. डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. सुमारे ३११ दिवसांनंतर, २५ मार्च १९९२ रोजी, ते स्वतंत्र कझाकस्तानात उतरले. जन्मगाव लेनिनग्राड तोवर सेंट पीटर्सबर्ग झाले होते. निघताना व उतरताना भूमी कझाकांचीच होती. राज्य तेवढे निराळे होते.

तेव्हा ‘परत आला’ एवढे विधान इतिहासास पुरेसे नाही. पेण-रोह्याहून परगावी गेलेल्या माणसांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकानेही स्थळाबरोबर तारीख नोंदविली पाहिजे. अन्यथा कुलाब्यातून निघालेला आणि रायगडात परतलेला एकच मनुष्य कागदोपत्री दोन ठरेल.