पूल बांधण्याआधी जमीन 'स्कॅन' का करतात?

तुमच्या फोनमधलं कंपास ॲप मॅग्नेटोमीटर नावाच्या सेन्सरवर चालतं. ब्रिटनमध्ये मोठा हायवे किंवा पूल बांधायचा असेल, तर त्याआधी पुरातत्त्वाची टीम अनेकदा याच सेन्सरचं कितीतरी जास्त संवेदनशील रूप घेऊन शेतं पालथी घालते. एकदा जेसीबी फिरला की मातीखाली जे काही होतं ते कायमचं गेलं. तिथे अनडू नाही.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्ला. जुन्या चुलीमुळे किंवा बुजलेल्या खड्ड्यामुळे त्यात पडणारा फरक बरेचदा जेमतेम काही नॅनोटेस्लाचा. चुलीखालची माती चांगली तापली की तिच्यातल्या लोहकणांचं चुंबकत्व बदलतं आणि थंड झाल्यावरही टिकतं, म्हणून हजारो वर्षांपूर्वी विझलेली चूलसुद्धा सापडू शकते. फोनला हा फरक कळत नाही, त्याचा स्वतःचा नॉइजच याहून मोठा असतो (तेव्हा अंगणात खजिना शोधायला जाऊ नका). सर्व्हेच्या यंत्रात बहुतेक वेळा दोन सेन्सर एकावर एक बसवलेले असतात. दिवसभरातले चुंबकीय चढउतार दोघांनाही सारखेच जाणवतात. त्यामुळे रीडिंगची वजाबाकी केली की ते निघून जातात आणि जमिनीतल्या वस्तूंचा परिणाम तेवढा उरतो. जोडीला जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडारही वापरतात, पण ओल्या चिकणमातीत ते फारसं चालत नाही.

मात्र स्क्रीनवरचा ठिपका म्हणजे चूल की गंजलेला नांगराचा फाळ, हे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी चर खणावेच लागतात.

स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ २०१७ मध्ये क्वीन्सफेरी क्रॉसिंग हा २.७ किलोमीटर लांबीचा पूल सुरू झाला. त्याच्या कामाआधी एक्लाइन इथल्या शेतात उत्खनन झालं, तेव्हा सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचं घर सापडलं. घर म्हणजे जवळपास ७ मीटर लांबीचा लंबगोल खड्डा, लाकडी खांब रोवल्याच्या खुणा आणि आत काही चुली. खांब कधीच कुजून गेले होते, उरली होती ती त्या भोकांत भरलेली वेगळी माती. एक हजाराहून जास्त गारगोटीची हत्यारं आणि तुकडे निघाले, शिवाय हेझलनटची जळकी टरफलं भरपूर.

मला सगळ्यात भारी वाटली ती ही टरफलं. कार्बन डेटिंगसाठी जुन्या झाडाचं लाकूड घेतलं, तर झाडाच्या वयामुळे तारीख शेकडो वर्षं मागे जाऊ शकते. हेझलनट एकाच हंगामात तयार होतं, म्हणून त्याची तारीख माणसांनी ते भाजून खाल्लं त्या काळाच्या अगदी जवळची असते. पुरातत्त्वज्ञांचा अंदाज असा, की लोक इथे बारा महिने राहत नसावेत, बहुधा फक्त हिवाळ्यात येत असावेत.