टोपणनाव ठेवायचे कुठे?

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली संगणकावर गप्पा मारण्यासाठी ‘आयआरसी’ लिहिले. अशा गप्पांचा प्रोग्रॅम आपण रचू लागलो की प्रश्न पडतो तो टोपणनावाचा. एकच माणूस तीन कट्ट्यांवर बसलेला! प्रत्येक कट्ट्याच्या यादीत त्याचे नाव लिहिले, तर त्याने ते बदलताच तिन्ही याद्या दुरुस्त कराव्या लागतात. एक राहिली की घोटाळा. म्हणून आपण ‘सदस्य’ ही स्वतंत्र वस्तू करतो. कट्टे तिच्याकडे नुसते बोट दाखवतात.

ही युक्ती आयआरसीहून जुनी आहे. ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ‘सिम्युला ६७’ भाषेत ‘क्लास’ (शाळेतला नव्हे!) आणला: साचा एक, वस्तू अनेक. दोघांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले; २००२ मध्ये दोघेही वारले.