नसलेल्या अंगठीची किंमत

काही महिन्यांपूर्वी एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय होता द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम. मेणबत्ती जळते तेव्हा मेण नाहीसे होत नाही, ते वायुरूपात जाते वगैरे नेहमीचे सांगून झाले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गेममधली तलवार कुणी फसवून घेतली तर ती चोरी धरतात का?" वर्ग हसला. बाईंनी "विषयाला धरून विचार रे" म्हणून त्याला खाली बसवले. तो बसला, पण त्याचा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नव्हता.

मला हसू आले नाही, कारण २००२ साली माझेही असेच एक चिलखत गेले होते. पीएच.डी.चे दिवस होते. रात्री प्रयोग लावून ठेवायचा आणि सायबर कॅफेत जाऊन बसायचे. कुणा अनोळखी खेळाडूने अदलाबदलीत शेवटच्या क्षणी चांगली वस्तू काढून तशीच दिसणारी भिकार वस्तू ठेवली आणि मी घाईत 'मान्य' म्हटले. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी विचारले, "चेहरा का उतरलाय?" काय सांगणार? नसलेले चिलखत हरवले म्हणून?

हा 'नसलेल्या' वस्तूंचा व्यापार कसा उभा राहिला, याचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. पण त्यात माणसाच्या हजारो वर्षांच्या व्यापाराची बरीचशी पाने पुन्हा उलटली गेली, म्हणून तो शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. या खेळांत हजारो लोक आपापल्या घरून एकाच काल्पनिक जगात वावरतात. राक्षस मारले की तलवारी, चिलखते, अंगठ्या मिळतात. काय मिळेल हे नशिबावर. चांगली वस्तू हजारांत एखादी, आणि तीही नेमकी आपल्या उपयोगाची नसते. जादूगाराला परशू मिळतो, लढवय्याला जादूची काठी. मग अदलाबदल आलीच.

पण समोरचा माणूस अनोळखी, दिसत नाही, पुन्हा भेटेल याची खात्री नाही. आधी कोणी द्यायचे? १९९६ च्या अखेरीस आलेल्या 'डायाब्लो' या खेळात देवघेवीची काही सोयच नव्हती. वस्तू जमिनीवर टाकायची आणि दुसऱ्याने आपली टाकेपर्यंत वाट पाहायची. अनेकदा दुसरा दोन्ही उचलून पसार होई. हेरोडोटसने लिहून ठेवले आहे की कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडून जहाजावर परतत. स्थानिक लोक येऊन शेजारी सोने ठेवत आणि मागे सरत. सोने पुरेसे वाटेपर्यंत कोणीच कशाला हात लावत नसे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. फरक इतकाच की त्या किनाऱ्यावरच्या लोकांना पुढच्या वर्षी पुन्हा व्यापार करायचा होता.

२००० साली 'डायाब्लो २' आला, तेव्हा त्यात एक छोटी खिडकी होती. तिच्या एका भागात माझी वस्तू, दुसऱ्या भागात तुमची. दोघांनी 'मान्य' ही कळ दाबल्याशिवाय काहीच हलत नाही. बाजाराच्या इतिहासात तराजूला जे स्थान, तेच या जगात त्या खिडकीला द्यावे लागेल. फसवणूक थांबली नाही (माझे उदाहरण आहेच), पण आता ती करायला निदान हातचलाखी लागू लागली.

खिडकी मिळाल्यावर पुढची अडचण उघडी पडली. माझ्याकडे परशू आहे, मला काठी हवी. ज्याच्याकडे काठी आहे त्याला परशू नको, ढाल हवी. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला गरजांच्या दुहेरी संयोगाचा अभाव म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून पैसा आला असे शिकवतात. खेळात पैसा होता की! सोन्याची नाणी पावलोपावली मिळत. पण खेळाडूजवळ किती नाणी बाळगता येतील यावर मर्यादा होती, मेला की काही नाणी जात, आणि खेळातल्या दुकानदारांकडे विकत घेण्याजोगे फारसे काही नसे. थोडक्यात, सरकारी नाणे कवडीमोल ठरले.

मग खेळाडूंनी आपले नाणे आपणच शोधले. कोणी ठराव केला नाही की मतदान घेतले नाही. 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची एक दुर्मिळ अंगठी होती. नाव दगडाचे असले तरी वस्तू अंगठीच. हळूहळू सगळे भाव अंगठ्यांत बोलले जाऊ लागले. हे चिलखत चार अंगठ्यांना, ती तलवार दहा अंगठ्यांना.

हीच वस्तू का? खेळाडूची पिशवी चाळीस चौकटींची. चिलखताला सहा चौकटी लागत, अंगठीला एकच. म्हणजे वाहून न्यायला सोपी. दुसरे, ती कोणत्याही प्रकारच्या खेळाडूला थोडीफार उपयोगी पडे, त्यामुळे 'मला नको' असे सहसा कोणी म्हणत नसे. तिसरे कारण मला सगळ्यांत सुंदर वाटते. इतर अनेक वस्तूंचे गुण प्रत्येक वेळी थोडे वेगळे निघत, पण या अंगठीचे गुण ठरलेले. कोणतीही अंगठी कोणत्याही अंगठीसारखीच, त्यामुळे पारख करायची गरज नाही. मालदीवहून येणाऱ्या कवड्या आपल्याकडे शतकानुशतके चालल्या त्यामागे यातलीच काही कारणे होती. एका बाबतीत मात्र कवडी सरस. ती हलक्या मोलाची, म्हणून किरकोळ व्यवहाराला चाले. अंगठीची मोड मिळत नसे. त्यासाठी मग निर्दोष रत्ने चिल्लर म्हणून वापरात आली.

वर्गात हे शिकवायचे असेल तर एक जुने, अस्सल उदाहरण जोडीला आहे. आर. ए. रॅडफर्ड हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता. छावणीत सिगारेट हे चलन कसे बनले, यावर त्याने १९४५ साली एक निबंध लिहिला. रेडक्रॉसची पार्सले आली की छावणीत सिगारेटी वाढत आणि इतर वस्तूंचे भाव चढत. रात्री बॉम्बहल्ले झाले की लोक घाबरून सिगारेटी ओढून टाकत आणि भाव उतरत.

इथे अंगठी आणि सिगारेट यांतला फरक पाहा. सिगारेट जळते, अंगठी झिजत नाही. रोज नव्या अंगठ्या जन्माला येणार आणि जुनी एकही मरणार नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाकीचे गणित लगेच आठवेल. नळ चालू, मोरी बंद. पाणी चढणारच.

त्यात खोट्या अंगठ्यांची भर पडली. वस्तू एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जाते म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकात, सर्व्हरमध्ये, दोन नोंदी होतात. एकाच्या खात्यातून वजा, दुसऱ्याच्या खात्यात जमा. या दोन्ही नोंदी एकदमच झाल्या पाहिजेत, नाहीतर मुळीच नकोत. बँकेच्या संगणकांनाही हाच नियम पाळावा लागतो. पण 'जमा' झाल्यावर आणि 'वजा' होण्याआधी सर्व्हर कोलमडला तर? अंगठी दोघांकडेही! काही खेळाडूंनी मुद्दाम सर्व्हर कोलमडवण्याच्या युक्त्या शोधल्या आणि अंगठ्यांच्या नकला ढिगाने बाजारात ओतल्या. नक्कल अस्सलपेक्षा वेगळी दिसेना, कारण ती वेगळी नव्हतीच. एका बाजूने सच्च्या खेळाडूने महिनाभर जागून मिळवलेली अंगठी, दुसऱ्या बाजूने एका मिनिटात झालेल्या शंभर अंगठ्या. अंगठीचा भाव घसरत गेला.

२००३ साली खेळाच्या नव्या आवृत्तीत एक गमतीदार बदल आला. अंगठी खेळातल्या दुकानदाराला विकली की ती कायमची नष्ट होई आणि आतापर्यंत किती अंगठ्या विकल्या गेल्या याची घोषणा सर्वांच्या पडद्यावर झळके. पुरेशा अंगठ्या विकल्या गेल्या की एक महाभयंकर राक्षस अवतरे, आणि त्याला मारणाऱ्याला एक अपूर्व ताईत मिळे. लोक रांगेने अंगठ्या फुंकू लागले. टाकीला मोरी मिळाली. पुढे चलनाची जागा मंत्राक्षरे कोरलेल्या खड्यांनी घेतली.

याच्या उलट चूक १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये झाली होती, आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांना ती आवडेल. तिथल्या रचनाकारांनी जगातले एकूण द्रव्य ठराविक ठेवले होते. लोखंड, लोकर, कातडी वापरून झीज झाली की तेवढीच पुन्हा निसर्गात उगवायची. निसर्गातल्या नायट्रोजनसारखे बंद चक्र. कागदावर उत्तम. पण माणसे साठेबाज निघाली. त्यांनी घरांत हजारो सदरे आणि तलवारी रचून ठेवल्या. साठलेले परत चक्रात येईना, आणि नव्या खेळाडूला मारायला प्राणी की खणायला धातू उरेना. शेवटी बंद चक्र सोडून नळ आणि मोरीचीच पद्धत आणावी लागली.

एव्हाना हा व्यापार खेळाबाहेर आला होता. 'एव्हरक्वेस्ट'मधल्या (१९९९) वस्तू आणि नाणी खऱ्या डॉलरांत लिलावात विकली जात होती. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली त्या भावांवरून हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या रहिवाशाची कमाई तासाला सुमारे ३.४२ डॉलर निघाली. त्या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे भारत आणि चीनच्या बरेच वर आले. या आकड्यांची तेव्हा फार चर्चा झाली. मला स्वतःला ते जरा ओढूनताणून काढलेले वाटतात, कारण सर्वांनी एकदम विकायला काढले असते तर तो भाव मिळालाच नसता.

आता त्या मुलाचा प्रश्न. नेदरलँड्समधील लेउवार्डन गावी २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवला आणि 'रूनस्केप' खेळातला त्याचा ताईत व मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतला. बचावपक्ष म्हणाला, या वस्तू नाहीतच, नुसत्या नोंदी आहेत. शिवाय त्या मुलाच्या नव्हेत, खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या युक्तिवादाला तिथे एक जुने उत्तर होते. हेगमधल्या एका दंतवैद्याने विजेच्या मीटरमध्ये सुई घालून चकती थांबवली होती आणि फुकट वीज वापरली होती. वीज काही वस्तू नव्हे, मग चोरी कशी, असे त्याचे म्हणणे. १९२१ साली न्यायालयाने सांगितले की वीज एकाकडून दुसऱ्याकडे देता येते, ती निर्माण करायला श्रम आणि पैसा लागतो, तिला मोल आहे, म्हणून ती चोरता येते. ३१ जानेवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने ताईत आणि मुखवट्यालाही तसेच माप लावले. ते मिळवायला मुलाने वेळ आणि श्रम खर्चले होते, त्यांच्यावर प्रत्यक्षात फक्त त्याचाच ताबा होता, आणि ते गेल्यावर तो ताबा राहिला नाही. म्हणून ही चोरीच.

शेवटचा मुद्दा नीट पाहा. धडा उतरवून घेतला तर मूळ वही रिकामी होत नाही. संगणकातली माहिती साधारणपणे अशीच असते. खेळातली तलवार मात्र एकाकडून गेल्याशिवाय दुसऱ्याकडे येत नाही, कारण सर्व्हर तिच्या बाबतीत अक्षय्यतेचा नियम पाळतो. तो नियम आहे म्हणूनच तिला भाव आहे, आणि म्हणूनच ती चोरीला जाऊ शकते. म्हणजे त्या दिवशी नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न विषयाला अगदी धरून होता.

मी बाईंना तसे पत्राने कळवले. त्याच्या बाबतीत बळजबरी नव्हती, फसवणूक होती, आणि कायद्यात या दोन गोष्टी निराळ्या असतात हेही लिहिले. शिवाय ती तलवार मिळवायला किती दिवस लागले होते, हे त्याला विचारायला सांगितले. बाईंचे उत्तर आले, "दिवाळीची अख्खी सुट्टी."