मारिएन्थालचे बेरोजगार

मारिएन्थालचे बेरोजगार हा दीर्घकालीन बेरोजगारीचे कुटुंबजीवनावर व मनःस्थितीवर होणारे परिणाम मांडणारा समाजशास्त्रीय ग्रंथ आहे. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांचा हा मूळ जर्मन ग्रंथ १९३३ मध्ये प्रकाशित झाला.

पार्श्वभूमी
मारिएन्थाल ही ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळची, कापडगिरणीभोवती वाढलेली वसाहत होती. जागतिक मंदीच्या काळात गिरणी बंद पडली. अभ्यासाच्या वेळी गावातील ४७८ कुटुंबांपैकी ३६७ कुटुंबांत एकही व्यक्ती नोकरीत नव्हती. बेकारभत्ता तुटपुंजा व ठरावीक मुदतीचाच होता.

अभ्यासपद्धती
संशोधकांनी कपडेवाटप, वैद्यकीय तपासणी, शिवणवर्ग अशा उपक्रमांतून गावाशी संबंध जोडला. कुटुंबांच्या जेवणाच्या व दिनक्रमाच्या नोंदी, मुलांचे निबंध आणि ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव तपासली गेली. रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेगही मोजण्यात आला.

निष्कर्ष
हाती भरपूर वेळ असूनही वाचन घटले. ग्रंथालयाची वर्गणी रद्द केल्यानंतरही हीच स्थिती राहिली. पुरुष वाटेत वारंवार थांबत आणि दिवस कसा गेला हे त्यांना सांगता येत नसे. स्त्रियांचा दिवस मात्र घरकामाने भरलेला असे. नाताळच्या भेटींविषयी येथील मुलांच्या अपेक्षा शेजारच्या गावांतील मुलांपेक्षा बऱ्याच कमी खर्चाच्या होत्या. काही दांपत्यांतील कलह वाढले. तरीही अनेक घरांत मुलांच्या गरजांना अग्रक्रम दिला जाई.

कुटुंबांचे खंबीर, निमूट, हताश व उदासीन असे चार गट करण्यात आले. दरमाणशी मासिक उत्पन्न (वयानुसार गरजेचे प्रमाण धरून) या गटांत अनुक्रमे सरासरी ३४, ३०, २५ व १९ शिलिंग होते. उत्पन्न घटत जाते तशी मनाची उभारीही खचते, असे यातून दिसून आले. दारिद्र्यातून बंडखोरी उद्भवते या समजुतीच्या उलट, येथे सार्वजनिक जीवनातील सहभाग ओसरला होता.

महत्त्व
याहोडा यांनी पुढे असे प्रतिपादन केले, की नोकरी वेतनाखेरीज दिवसाला शिस्त, घराबाहेरील माणसांचा सहवास, सामूहिक उद्दिष्ट, प्रतिष्ठा आणि नियमित कार्यमग्नता देते. म्हणून केवळ आर्थिक साहाय्याने बेरोजगाराची सर्व हानी भरून निघत नाही. एकाच गावापुरता मर्यादित असूनही हा अभ्यास बेरोजगारीच्या मानसशास्त्रात पायाभूत मानला जातो.